लॅटिन क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, तरी वाक्यात रूपं चुकतात: कारणं आणि उपाय

लॅटिन क्रियापदं चालण्याच्या पद्धतीनुसार चार गणांत मोडतात. पहिल्या गणाचा तक्ता घडाघडा म्हणता येतो. पण उताऱ्यात 'दूकेत्' दिसलं की ते वर्तमान की भविष्य हे ठरत नाही, आणि लिहायला बसलं की 'औदीबो' असं अभिजात गद्यात न चालणारं रूप हातून उतरतं. तक्ते पुन्हा घोकले की चार दिवस बरं वाटतं, मग तीच चूक परत. लॅटिन शिकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. दोष सहसा स्मरणशक्तीचा नसतो. क्रियापद एकाच रूपानं लक्षात ठेवलेलं असतं आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे गाळलेलं असतं. या दोन गोष्टी आधी दुरुस्त केल्या तर पुढच्या बऱ्याच चुका आपोआप थांबतात.

आधी लिहिण्याची पद्धत ठरवून घेऊ. इथे सगळीकडे अभिजात उच्चार धरला आहे, म्हणजे 'केऽपी'. चर्चच्या परंपरेत हेच रूप 'चेऽपी' असं ऐकू येतं. दोन्ही उच्चार प्रचलित आहेत, पण शिकताना एकच धरा. अ-आ, इ-ई, उ-ऊ हा फरक देवनागरीत आयताच दिसतो. ए ला तशी सोय नाही, म्हणून दीर्घ ए पुढे अवग्रह दिला आहे: 'मोनेऽरे' मधला ने दीर्घ, 'रेगेरे' मधला गे ऱ्हस्व. छापील लॅटिनमध्ये हेच काम स्वरावरची आडवी रेघ करते. बऱ्याच पुस्तकांत ती रेघ नसते आणि अडचण तिथूनच सुरू होते. मधला अ संस्कृतसारखा पूर्ण उच्चारायचा.

गण ओळखताच येत नाही

मराठी शब्दकोशात क्रियापद '-णे' लावून येतं, संस्कृतात धातू दिलेला असतो. लॅटिन कोश मात्र 'मी करतो' हे रूप पहिलं देतो. त्यावरून गण कळेलच असं नाही. 'अमो' (मी प्रेम करतो) आणि 'रेगो' (मी राज्य करतो) दोन्ही ओकारान्त, पण पहिलं पहिल्या गणातलं, दुसरं तिसऱ्या. 'कपिओ' (पकडतो) आणि 'औदिओ' (ऐकतो) तर जुळे वाटतात, आणि पुढे जाऊन वेगळे वागतात.

म्हणून प्रत्येक क्रियापद चार मूळ रूपांनी पाठ करायचं:

अमो, अमारे, अमावी, अमातुम्: पहिला गण
मोनेओ, मोनेऽरे, मोनुई, मोनितुम् (ताकीद देणे): दुसरा
रेगो, रेगेरे, रेऽक्सी, रेऽक्तुम्: तिसरा
कपिओ, कपेरे, केऽपी, कप्तुम्: तिसऱ्याचा इ-वाला पोटगण
औदिओ, औदीरे, औदीवी, औदीतुम्: चौथा

गण ठरवतं ते दुसरं रूप, म्हणजे इन्फिनिटिव्ह (आपलं '-णे' चं रूप). शेवटचा 'रे' काढला की अंग, म्हणजे ज्याला प्रत्यय लागतात तो भाग, उरतं: अमा-, मोने-, औदी-. दुसऱ्या आणि तिसऱ्या गणाची गल्लत सर्वांत जास्त होते, कारण रेघ नसेल तर दोघांचं टोक सारखंच दिसतं. ती कानानं सोडवता येते. लॅटिनमध्ये शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर पडतो, लघू असेल तर एक अक्षर मागे सरकतो. त्यामुळे 'मोनेऽरे' चा जोर ने वर आणि 'रेगेरे' चा जोर पहिल्या रे वर. चार रूपं मोठ्यानं, आघातासकट म्हणा. मनातल्या मनात वाचलेला स्वर लक्षात राहत नाही.

बऱ्याच कोशांत पहिल्या रूपापुढे १, २, ३, ४ असा आकडा असतो. संस्कृत शिकताना धातूपुढचा गण पाहायची सवय असेल तर तीच इथे वापरा. वहीत नुसतं 'रेगो = राज्य करणे' लिहिलं असेल तर ती नोंद अर्धीच आहे.

मधला स्वर कधी दीर्घ, कधी ऱ्हस्व, ताळमेळ लागत नाही

ताळमेळ आहे. अमो, अमास्, अमत्, अमामुस्, अमातिस्, अमन्त्. नागरीत लिहिलं की नियम समोर दिसतो: शब्दाच्या टोकाला त्, म् किंवा र् असेल तर त्याआधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, न्त् च्या आधी तो कुठेही ऱ्हस्व होतो, आणि पुढे लगेच दुसरा स्वर आला तरी सहसा ऱ्हस्वच. म्हणून अमास् पण अमत्. कर्मणी 'अमातुर्' मध्ये आ टिकतो, कारण तो त् टोकाला नाही. 'अमन्तुर्' मध्ये टिकत नाही. दुसऱ्या गणाचं मोनेऽस् पण मोनेत्, चौथ्याचं औदीस् पण औदित्, हे वेगळं पाठ करायची गरजच नाही.

दुसरा नियम मुख्यतः तिसऱ्या गणासाठी: ऱ्हस्व इ च्या पुढे र् आला की इ चा ए होतो. 'कपिस्' (तू पकडतोस), पण कर्मणीत 'कपेरिस्' (तू पकडला जातोस). 'अमाबिस्' (तू प्रेम करशील), पण 'अमाबेरिस्'. 'कपिओ' चं इन्फिनिटिव्ह 'कपिरे' नसून 'कपेरे' का, याचं उत्तरही हेच. चौथ्या गणाचा ई दीर्घ असल्यानं तो बदलत नाही: औदीरिस्. कपिओ-औदिओ हे जुळे वेगळे करायची खूण हीच: कपिस्-कपिमुस् ऱ्हस्व, औदीस्-औदीमुस् दीर्घ.

'-एत्' दिसलं की गोंधळ

सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे रेंगाळायला हवं. ही तीन रूपं शेजारी ठेवा:

मोनेत्: तो ताकीद देतो (दुसरा गण, वर्तमान)
रेगेत्: तो राज्य करील (तिसरा गण, भविष्य)
अमेत्: त्यानं प्रेम करावं (पहिला गण, सब्जंक्टिव्ह, म्हणजे साधारण आपला विध्यर्थ)

शेपूट एकच, अर्थ तीन. '-अत्' चंही तसंच: 'अमत्' वर्तमान, पण 'रेगत्' सब्जंक्टिव्ह. 'दूकेत्' आणि 'दोकेत्' दिसायला सख्खे भाऊ; पण दूको, दूकेरे तिसऱ्या गणातलं, म्हणून 'दूकेत्' = तो नेईल; दोकेओ, दोकेऽरे दुसऱ्यातलं, म्हणून 'दोकेत्' = तो शिकवतो. नुसत्या शेपटाकडे बघून काळ ठरवायला गेलं की निम्मे अंदाज चुकणारच. आधी गण, मग स्वर.

हे असं होतं कारण लॅटिनमध्ये भविष्यकाळाच्या दोन पद्धती आहेत. पहिला आणि दुसरा गण 'बो, बिस्, बित्, बिमुस्, बितिस्, बुन्त्' घेतात: अमाबो, मोनेऽबो. तिसरा आणि चौथा गण स्वर बदलतात: रेगम्, रेगेऽस्, रेगेत्, रेगेऽमुस्, रेगेऽतिस्, रेगेन्त्, कपिअम्, कपिएऽस्, औदिअम्, औदिएऽस्. चौथ्या गणाला 'बो' लावणं ही ठरलेली चूक आहे. एकच सवलत 'एओ, ईरे' (जाणे) ला: त्याचा भविष्यकाळ 'ईबो', अपूर्ण भूतकाळ 'ईबम्'. बाकी सगळ्या चौथ्या गणाचा अपूर्ण भूतकाळ 'औदिएऽबम्', मधला ए न गाळता.

सब्जंक्टिव्ह आपल्या विध्यर्थ आणि संकेतार्थाच्या जवळचा. त्याच्या वर्तमानाचा स्वर गणागणानं असा: पहिला ए, दुसरा एआ, तिसरा आ, कपिओ-वाले आणि चौथा इआ. म्हणजे अमेऽस्, मोनेआस्, रेगास्, कपिआस्, औदिआस्. पहिल्या गणाचा आ सोडून ए होतो आणि तिसऱ्यात आ येतो, ही अदलाबदल एकदा डोक्यात बसली की 'अमेत्' आणि 'रेगत्' फसवत नाहीत. 'रेगम्' मात्र भविष्यही आहे आणि सब्जंक्टिव्हही. पहिल्या पुरुषाच्या एकवचनात दोन्ही एकरूप होतात, तिथे वाक्याचा संदर्भच बघावा लागतो.

मराठी वाचकाला ओळखीचे काही नमुने यासाठी हाताशी आहेत. भारतीय संविधानाच्या कलम ३२ आणि २२६ मधले आदेश आठवा. 'मॅन्डॅमस' हे मूळचं 'मन्दामुस्', पहिला गण, 'आम्ही आज्ञा करतो'. 'हेबिअस' म्हणजे 'हबेआस्', दुसऱ्या गणाचा सब्जंक्टिव्ह, एआ सकट. कोर्टात दाखल होणारं 'कॅव्हिएट' तसंच: 'कवेअत्', त्यानं सावध असावं. 'सर्शिओरारी' पहिल्या गणाचं कर्मणी इन्फिनिटिव्ह. आणि औषधाच्या चाचण्यांतलं 'प्लॅसिबो' म्हणजे 'प्लकेऽबो', दुसऱ्या गणाचा 'बो'-वाला भविष्यकाळ. एखादा स्वर विसरला की यांतला नमुना आठवून ताळा करता येतो.

भूतकाळाची रूपं वर्तमानासारखी दिसतात

तिसरं मूळ रूप (अमावी, मोनुई, रेऽक्सी, केऽपी, औदीवी) पर्फेक्टचं, म्हणजे पूर्ण झालेल्या भूतकाळाचं. त्याचा शेवटचा ई काढला की पर्फेक्टचं अंग मिळतं, आणि इथे गणांची भानगड संपते. प्रत्यय सगळ्यांना एकच: ई, इस्ती, इत्, इमुस्, इस्तिस्, एऽरुन्त्. अनियमित क्रियापदांनाही हेच.

अडचण प्रत्ययात नसून अंगात असते. काही क्रियापदं पर्फेक्टमध्ये फक्त स्वर दीर्घ करतात: वेनित् (तो येतो) आणि वेऽनित् (तो आला), लेगित् (वाचतो) आणि लेऽगित् (वाचलं). रेघ नसलेल्या पुस्तकात दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. आजूबाजूच्या क्रियापदांच्या काळावरून ठरवा. बहुवचनात आघात मदत करतो: 'वेनीमुस्' (येतो) मध्ये जोर नी वर, 'वेऽनिमुस्' (आलो) मध्ये वे वर. काही क्रियापदं स् जोडतात (स्क्रीबो, स्क्रीप्सी), काही पहिलं अक्षर दुप्पट करतात (कुर्रो, कुकुर्री; दो, देदी). दुप्पट करणारी रूपं संस्कृतच्या लिट् लकाराच्या (परोक्ष भूतकाळाच्या) नात्यातली आहेत. 'ददौ' पाठ असेल तर 'देदी' परकं वाटणार नाही. तिसऱ्या गणात पर्फेक्ट कसा होईल याचा खात्रीचा नियम नाही. चार रूपं पाठ करण्यावाचून इथे मार्ग नाही.

याच अंगावर बाकीचे काळ उभे राहतात: अमावेरम् (केलं होतं), अमावेरो (केलेलं असेन). इथली ठरलेली चूक बहुवचनात होते. 'अमावेऽरुन्त्' पर्फेक्ट आहे. 'केलेलं असतील' साठी 'अमावेरिन्त्'. 'सुम्' (असणे) चं भविष्य 'एरुन्त्' डोक्यात असल्यानं हात तिकडे वळतो.

सब्जंक्टिव्हचे दोन भूतकाळ अगदी सोपे आहेत. इन्फिनिटिव्ह घ्या आणि म्, स्, त् लावा: अमारे + म् = अमारेम्, रेगेरे + म् = रेगेरेम्. पर्फेक्ट इन्फिनिटिव्हला तसंच: अमाविस्से + म् = अमाविस्सेम्. अनियमितांनाही चालतं: एस्से (असणे), एस्सेम्, फेर्रे (वाहून नेणे), फेर्रेम्, वेल्ले (इच्छिणे), वेल्लेम्.

कर्मणी: काळ चुकतो

वर्तमान, अपूर्ण आणि भविष्य या तीन काळांत कर्तरी प्रत्ययांच्या जागी र्, रिस्, तुर्, मुर्, मिनी, न्तुर् येतात. एक जोडी नीट पाहा: 'रेगेरिस्' (तुझ्यावर राज्य केलं जातं) आणि 'रेगेऽरिस्' (केलं जाईल). फरक फक्त ए च्या लांबीचा आणि आघाताचा. इन्फिनिटिव्हमध्येही तिसरा गण वेगळा: अमारी, मोनेऽरी, औदीरी, पण 'रेगी' आणि 'कपी'. 'रेगेरी' असं रूप नाही.

पर्फेक्टचं कर्मणी दोन शब्दांचं असतं: चौथ्या मूळ रूपापासून झालेलं धातुसाधित आणि 'सुम्'. 'मिस्सुस् एस्त्' मध्ये 'एस्त्' (आहे) दिसतं म्हणून वर्तमान समजू नका. अर्थ 'पाठवला गेला'. मराठीत पाठवला गेला, पाठवली गेली, पाठवलं गेलं असं लिंगानुसार बदलतं तसंच मिस्सुस्, मिस्सा, मिस्सुम्. फक्त लिंग लॅटिनचं धरायचं: पत्र मराठीत नपुंसकलिंगी, 'एपिस्तुला' स्त्रीलिंगी, म्हणून 'एपिस्तुला मिस्सा एस्त्'.

मराठीची सवय कुठे आड येते

'मुलीनं पुस्तकं वाचली' मध्ये क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं. लॅटिनच्या कर्तरी पर्फेक्टमध्ये ते कर्त्याप्रमाणेच चालतं: 'पुएल्ला लिब्रोस् लेऽगित्', एकवचन. मराठी वाक्य मनात धरून भाषांतर करणारे इथे हमखास 'लेऽगेऽरुन्त्' लिहितात. भूतकाळाचं वाक्य लिहिताना 'नं' लागलेलं नाम आधी शोधा, ते प्रथमेत घाला, आणि क्रियापद त्याच्या वचनाला जुळवा.

एका ठिकाणी मात्र मराठी फार उपयोगी पडते. 'वाचत होती', 'वाचायची' या छटांना लॅटिनचा अपूर्ण भूतकाळ: लेगेऽबत्. 'वाचलं' आणि 'वाचलं आहे' या दोन्हींना पर्फेक्ट: लेऽगित्.

रूप कर्मणी, अर्थ कर्तरी

'सेक्वोर्, सेक्वी, सेकूतुस् सुम्' (पाठोपाठ जाणे), 'लोक्वोर्, लोक्वी, लोकूतुस् सुम्' (बोलणे) अशा क्रियापदांना कर्तरी रूपंच जवळजवळ नाहीत. चाल कर्मणीची, अर्थ मात्र साधा कर्तरी. संस्कृतच्या आत्मनेपदी धातूंसारखं हे समजा. 'सेक्वितुर्' आणि 'सचते' तर एकाच मुळातले. कोशात पहिलं रूप 'ओर्' नं संपलं की लगेच खूण करा, नाहीतर 'लोक्वितुर्' चं भाषांतर 'बोललं जातं' असं होऊन बसतं. यांचा आज्ञार्थ 'सेक्वेरे' इन्फिनिटिव्हसारखा दिसतो, तेही लक्षात असू द्या. 'औदेओ, औदेऽरे, औसुस् सुम्' (धाडस करणे) अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. 'औदेत्' (धजतो) आणि 'औदित्' (ऐकतो) यांची गल्लत करू नका.

अनियमित क्रियापदं थोडीच आहेत: सुम्, पोस्सुम्, एओ, फेरो, वोलो, नोलो, मालो, फीओ. ती सरळ पाठ करा. संस्कृत येत असेल तर एस्त्-सुन्त् ला अस्ति-सन्ति आणि 'फेरो' ला 'भरामि' आधार देतील, पण 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम्' मधलं 'तुली' वेगळ्याच धातूचं आहे. चार आज्ञार्थांना शेवटचा ए नसतो: दीक्, दूक्, फक्, फेर्.

सराव कसा करायचा

संपूर्ण तक्ते उभे घोकण्यापेक्षा एकच पुरुष घेऊन सगळ्या काळांतून आडवं जा. तृतीय पुरुष एकवचन घ्या, कारण वाचनात तेच सर्वांत जास्त येतं. 'मित्तो, मित्तेरे, मीसी, मिस्सुम्' (पाठवणे) साठी:

मित्तित्, मित्तेऽबत्, मित्तेत्, मीसित्, मीसेरत्, मीसेरित्
सब्जंक्टिव्ह: मित्तत्, मित्तेरेत्, मीसेरित्, मीसिस्सेत्

रोज तीन क्रियापदं, तीन वेगळ्या गणांची. एकाच गणाची लागोपाठ घेतली तर हात सरावतो, पण निवड करायची वेळच येत नाही. आणि चूक होते ती निवडीत.

वाचताना रूप टोकाकडून सोडवा. प्रथम प्रत्ययावरून पुरुष आणि वचन. मग त्याआधी बा, बि, एरा, एरि, रे, इस्से यांपैकी काही आहे का ते बघा. मग अंग वर्तमानाचं की पर्फेक्टचं ते ठरवा. एवढं करून फक्त एक स्वर उरला, तर कोशात गण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खालची रूपं झाकून सोडवून पाहा.

परेन्त्: परो, परारे (तयार करणे), सब्जंक्टिव्ह. पारेन्त्: पारेओ, पारेऽरे (आज्ञा पाळणे), वर्तमान.
कपिएन्त्: भविष्य, ते पकडतील.
विदेऽरेत्: विदेओ, विदेऽरे (पाहणे), इन्फिनिटिव्ह + त्, म्हणून सब्जंक्टिव्हचा अपूर्ण भूत. वीदेरत्: त्याच क्रियापदाच्या पर्फेक्ट अंगावरून, 'पाहिलं होतं'.
सेक्वेऽतुर्: भविष्य, तो पाठोपाठ जाईल.
मीसेरित्: 'पाठवलेलं असेल' किंवा पर्फेक्टचा सब्जंक्टिव्ह, वाक्यात 'सी' (जर) किंवा 'कुम्' (जेव्हा) असून मुख्य क्रियापद भविष्यात असेल तर बहुधा पहिलं.